छातीच्या फोटोत पाणी आणि हार्ट फेल्युअर कसे ओळखावे

विदर्भातल्या धारणी, भामरागड किंवा घाटंजीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी दम लागलेला रुग्ण आला की डॉक्टरांच्या हाताशी बहुधा स्टेथोस्कोप, ईसीजी आणि छातीचा फोटो एवढीच साधने असतात. इकोसाठी (हृदयाच्या सोनोग्राफीसाठी) जिल्ह्याला आणि पुढच्या तपासण्यांसाठी अनेकदा नागपूरच्या मेडिकलला किंवा सेवाग्रामला जावे लागते. तिथवर जाण्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी पाहता, त्या एका फोटोतून जेवढे काढता येईल तेवढे काढून घेणे हे आपले काम आहे. फोटोला दोन प्रश्न विचारायचे असतात: फुप्फुसाच्या आवरणात पाणी आहे का, आणि असल्यास ते हृदय थकल्यामुळे साचले आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना पटकन सापडते. दुसरा प्रश्न विचारायचाच राहून जातो आणि त्यामुळे हार्ट फेल्युअर झालेल्या म्हाताऱ्याला टीबीच्या गोळ्या सुरू होतात किंवा टीबी झालेला तरुण लघवीच्या गोळ्यांवर महिनाभर राहतो. हे लेखन वैद्यकीय अधिकारी, इंटर्न आणि एक्स-रे टेक्निशियन यांच्यासाठी आहे. रुग्णाने वा नातेवाइकांनी घरी फोटो उजेडात धरून निदान करावे, असा त्याचा हेतू नाही.

आधी फोटो वाचण्याजोगा आहे का

नाव, तारीख आणि उजव्या-डाव्या बाजूची खूण पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यानंतर फोटो कसा काढला आहे ते पाहावे, कारण हृदय मोठे दिसणे पुष्कळदा हृदयापेक्षा फोटो काढण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. उभ्या रुग्णाची छाती प्लेटला टेकवून, पाठीमागून सुमारे १८० सेंमी अंतरावरून किरण सोडले की तो पीए फोटो होतो आणि हृदयाचे माप त्यावरच घ्यायचे असते. खाटेवर निजलेल्या रुग्णाचा समोरून काढलेला एपी फोटो, किंवा शिबिरात हातात धरायच्या मशीनने कमी अंतरावरून काढलेला फोटो, हृदय खऱ्यापेक्षा मोठे दाखवतो.

दोन्ही हंसळ्यांची आतली टोके मणक्याच्या मधल्या उंचवट्यापासून सारख्या अंतरावर नसतील, तर रुग्ण वळलेला होता असे समजावे. श्वास पूर्ण भरला असेल तर डायफ्रामच्या (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या) वर मागच्या बाजूच्या ९ ते १० फासळ्या मोजता येतात. दम लागलेला माणूस श्वास रोखू शकत नाही, आणि अर्ध्या श्वासाच्या फोटोत हृदय आडवे पसरते, फुप्फुसांचे तळ गर्द दिसतात व त्यातून हार्ट फेल्युअरचा भास होतो. म्हणून टेक्निशियनने ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ एवढे म्हणून न थांबता, बटण दाबण्याआधी एकदा कोरडा सराव करून घ्यावा. त्याला अर्धे मिनिटसुद्धा लागत नाही. खांद्यावरून पुढे आलेली वेणी फुप्फुसाच्या टोकावर टीबीचा डाग वाटू शकते, तर ताईत, मंगळसूत्र आणि पदराच्या घड्याही सावल्या पाडतात. स्तनांच्या सावलीने खालचे कोपरे झाकले जातात. ती सावली आणि पाणी यांत गोंधळ झाला, तर सावलीची कड फुप्फुसाबाहेर, काखेच्या दिशेने जाताना दिसते का ते पाहावे.

पाणी

पाणी जड असल्याने बसलेल्या वा उभ्या माणसात ते आधी सर्वांत खालच्या जागी, म्हणजे डायफ्रामच्या मागच्या खोबणीत साचते. म्हणून बाजूने काढलेल्या लॅटरल फोटोत ५० ते ७५ मिली पाणीही मागचा कोपरा बुजवते, पण समोरच्या फोटोत बाहेरचा सीपी अँगल (फासळ्या आणि डायफ्राम यांमधला कोपरा) बोथट व्हायला सुमारे २०० मिली लागते. म्हणजे समोरच्या फोटोत कोपरा टोकदार असला तरी पाणी नाहीच, असे ठरत नाही. शंका असेल आणि सोनोग्राफी जवळ नसेल, तर रुग्णाला त्या बाजूच्या कुशीवर निजवून आडव्या किरणांनी फोटो काढावा. मोकळे पाणी फासळ्यांच्या कडेने थर धरते, आणि तो थर १ सेंमीपेक्षा जाड असेल तर सुई घालण्याइतके पाणी आहे असे समजण्यास हरकत नाही. थर धरलाच नाही, तर कोपरा जुन्या चिकटण्यामुळे बुजलेला असू शकतो. टीबी होऊन गेलेल्या लोकांत असे कोपरे नेहमी दिसतात. त्यांच्याकडे जुना फोटो मागावा.

पाणी वाढले की त्याची वरची कड बाहेरच्या बाजूने उंच आणि आतल्या बाजूने खाली उतरलेली दिसते. ही वाकडी कड पाण्याची खरी ओळख आहे. कड पट्टीने आखल्यासारखी सरळ आडवी असेल तर पाण्याबरोबर हवाही आहे, म्हणजे हायड्रोन्यूमोथोरॅक्स आहे. अशा रुग्णाला साधे पाणी म्हणून घरी पाठवू नये. एक संपूर्ण बाजू पांढरी झाली असेल तर श्वासनलिका कुठे सरकली ते पाहावे. पाण्याने ती निरोगी बाजूकडे ढकलली जाते, फुप्फुस मिटले असेल तर आजारी बाजूकडे ओढली जाते. बाजू पूर्ण पांढरी असूनही श्वासनलिका मध्यभागीच असेल, तर आत फुप्फुस मिटलेले आणि बाहेर पाणी, अशी जोडी असू शकते, आणि विडी ओढणाऱ्या प्रौढ माणसात तिच्यामागे श्वासनलिकेतील गाठ असण्याची शक्यता लक्षात ठेवावी.

निजलेल्या रुग्णात यातले बरेच काही लागू होत नाही. सपाट केलेल्या धानाच्या बांधीत पाणी पसरावे तसे ते पाठीमागे सगळीकडे पसरते, त्यामुळे ती बाजू नुसती धूसर दिसते, त्या धूसरपणातूनही फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या दिसत राहतात आणि कोपरा शाबूत राहू शकतो. रक्तवाहिन्या झाकल्या गेल्या असतील तर तिथे पाण्याऐवजी न्यूमोनिया असण्याची शक्यता अधिक.

फुप्फुसाखाली अडकलेले पाणी सर्वांत फसवे असते. कोपरा जेमतेम बोथट होतो आणि ‘डायफ्राम वर आला आहे’ एवढेच लिहिले जाते. तेव्हा डायफ्रामच्या घुमटाचा सर्वांत उंच बिंदू मध्यभागाऐवजी बाहेरच्या तिसऱ्या भागात सरकला आहे का, हे पाहावे. डाव्या बाजूला जठरातील हवेचा बुडबुडा आणि फुप्फुसाचा तळ यांत २ सेंमीपेक्षा जास्त अंतर पडले असेल तर संशय बळावतो. उजवा घुमट वर, तापाचा इतिहास आणि उजव्या बरगडीखाली दाबल्यावर कळ असेल, तर यकृतातील अमिबाचा गळू आधी आठवावा. तो डायफ्रामखाली राहूनच वरच्या बाजूला थोडे पाणी आणतो.

पाणी कधी दोन पाळ्यांमधल्या फटीत अडकते आणि लंबगोल गाठीसारखे दिसते. हार्ट फेल्युअरमध्ये असे झाले तर लघवीच्या औषधाने ही ‘गाठ’ काही दिवसांत नाहीशी होते, म्हणून सुजलेल्या पायांच्या रुग्णाच्या फोटोत फटीच्या रेषेवर लंबगोल सावली दिसल्यास कर्करोग हा शब्द उच्चारण्याआधी आठवडाभर थांबणे शहाणपणाचे. छातीच्या भिंतीला रुंद कोनात टेकलेली भिंगाच्या आकाराची सावली, ताप आणि घाम असेल, तर मात्र पू साचल्याचा संशय घ्यावा आणि त्यात थांबू नये.

हृदय

पीए फोटोत मणक्याच्या मधल्या रेषेपासून हृदयाची उजवी कड जास्तीत जास्त किती दूर आणि डावी कड किती दूर, ही दोन अंतरे मोजून बेरीज करावी आणि तिला छातीच्या आतल्या सर्वांत मोठ्या रुंदीने भागावे. बेरीज १६ सेंमी आणि छाती २८ सेंमी असेल तर गुणोत्तर ०.५७ येते, प्रौढांत ते ०.५ च्या वर गेले की हृदय मोठे मानावे. पण हा आकडा सुरुवातीचा आहे, निकाल नाही. नव्याने हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाचे हृदय थकलेले असूनही आकाराने नेहमीसारखे असू शकते. उलट वर्षानुवर्षे ब्लड प्रेशर असलेल्याचे हृदय मोठे असूनही त्या दिवशीचा दम दुसऱ्याच कारणाचा असू शकतो. म्हणून हृदयापेक्षा फुप्फुसातील रक्तवाहिन्यांवर जास्त वेळ द्यावा, असे माझे मत आहे. तरुण डॉक्टर नेमके उलट करतात.

उभ्या माणसात खालच्या भागातील रक्तवाहिन्या वरच्यांपेक्षा जाड असतात. डाव्या हृदयातील दाब वाढू लागला की वरच्या रक्तवाहिन्या खालच्यांइतक्या, मग त्यांच्याहून जाड दिसू लागतात. तुलना फुप्फुसाच्या मुळापासून (जिथून मोठ्या रक्तवाहिन्या आत शिरतात तिथून) सारख्या अंतरावर करावी, आणि उभ्या फोटोवरच करावी. निजलेल्या माणसात वरच्या वाहिन्या तशाही भरतात. दाब आणखी वाढला, साधारण १८ मिमी पाऱ्याच्या पुढे गेला, की पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपून फुप्फुसाच्या पडद्यांमध्ये साचते. श्वासनलिकांची आडवी कापलेली वर्तुळे जाड काठाची दिसतात, फुप्फुसाचे मूळ धूसर होते आणि कर्ली बी रेषा उमटतात. आयरिश रेडिओलॉजिस्ट पीटर कर्ली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रेषा एकदा नीट पाहिल्या की विसरत नाहीत, पण पाहण्याची जागा माहीत असावी लागते.

ती जागा म्हणजे सीपी अँगलच्या थोडे वर, फासळ्यांच्या आतल्या कडेला लागून असलेला बोटभर रुंदीचा पट्टा. निरोगी फुप्फुसाच्या या बाहेरच्या पट्ट्यात रक्तवाहिन्या इतक्या बारीक झालेल्या असतात की त्या दिसत नाहीत. तिथे जवळजवळ काळे असायला हवे. तिथेच १ ते २ सेंमी लांबीच्या, केसासारख्या बारीक, एकावर एक आडव्या आणि बाहेरच्या टोकाने थेट आवरणाला टेकलेल्या रेषा दिसल्या, तर त्या कर्ली बी रेषा होत. रक्तवाहिन्या फांद्या फोडतात, या रेषांना फांद्या फुटत नाहीत. फिल्म खिडकीच्या उजेडात धरून हे दिसत नाही. व्ह्यू बॉक्स (मागून उजेड देणारी पेटी) हवा, आणि तो नसेल तर संगणकाच्या पडद्यावर पांढरे पान पूर्ण उघडून त्यावर फिल्म धरावी. डिजिटल फोटो असेल तर तेवढाच भाग मोठा करून पाहावा.

दाब २५ मिमीच्या पुढे गेल्यावर पाणी हवेच्या पिशव्यांमध्ये उतरते आणि दोन्ही फुप्फुसांच्या मधल्या भागात, मुळाभोवती पांढरे ढग येतात, तर कडा तुलनेने काळ्या राहतात. तोवर रुग्ण उठून बसलेला, घामाघूम आणि फेस काढणारा असतो. त्या वेळी ऑक्सिजन आणि फ्युरोसेमाइड (लघवीचे औषध) आधी, फोटो नंतर.

गावाकडच्या तरुण बाईच्या फोटोत मायट्रल झडपेचा (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेचा) आजार वेगळा शोधावा लागतो. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झाली की डावा वरचा कप्पा फुगतो, हृदयाची डावी कड कमानीऐवजी सरळ दिसते, उजव्या कडेच्या आत दुसरी समांतर कड उमटते आणि श्वासनलिकेच्या दोन फांद्यांमधला कोन ९० अंशांपेक्षा रुंद होतो. एकूण आकार मात्र गुणोत्तराच्या मर्यादेत राहू शकतो. वर जाड रक्तवाहिन्या, खाली कर्ली बी रेषा आणि हृदय ‘नॉर्मल’ अशी नोंद झालेला फोटो दिसला, तर तिला डाव्या कुशीवर निजवून हृदयाच्या टोकाशी पुन्हा एकदा स्टेथोस्कोप लावावा.

हृदय गोल, मोठे आणि फुप्फुसे अगदी स्वच्छ असतील, तर हार्ट फेल्युअरऐवजी हृदयाच्या आवरणात पाणी असण्याची शक्यता धरावी. आपल्याकडे त्यामागे टीबी असू शकतो. अशा रुग्णाचे ब्लड प्रेशर पडत असेल आणि मानेच्या शिरा फुगलेल्या असतील, तर लघवीचे औषध देऊन दाब आणखी खाली नेऊ नये. त्याला तातडीने वरच्या रुग्णालयात हलवावे.

पाणी कोणाचे

हार्ट फेल्युअरचे पाणी बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना असते, उजवीकडे थोडे अधिक, आणि त्याच्याबरोबर मोठे हृदय किंवा भरलेल्या रक्तवाहिन्या असतात. फक्त उजवीकडे असले तरी हृदय आणि रक्तवाहिन्या साक्ष देत असतील तर मान्य करता येते. फक्त डावीकडे असलेले पाणी हृदयाच्या खात्यावर टाकताना मात्र दहा वेळा विचार करावा. हृदय नेहमीएवढे, रक्तवाहिन्या शांत आणि पाणी एकाच बाजूला, असा फोटो दिसला की ते पाणी काढून तपासलेच पाहिजे.

घाटंजीकडचा पंचविशीतला, कापूस वेचायला जाणारा मजूर समजा. तीन आठवडे संध्याकाळी अंग तापते, कोरडा खोकला, उजव्या बाजूला श्वास घेताना टोचते, फोटोत उजवीकडे मध्यम पाणी आणि हृदय चिमुकले. दुसरे काही ठरेपर्यंत हा टीबीच मानावा आणि थुंकी निगेटिव्ह आली म्हणून सोडू नये, कारण आवरणाच्या टीबीत जंतू थुंकीत पुष्कळदा सापडत नाहीत. पाण्यात लिम्फोसाइट पेशी अधिक, प्रथिने अधिक आणि एडीए (टीबीच्या पाण्यात वाढणारे एक एन्झाइम) ४० च्या वर असेल तर निदान बळकट होते. पाण्याची सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुके शोधणारी) चाचणी पॉझिटिव्ह आली तर उत्तम, निगेटिव्ह आली तर तिने काही सिद्ध होत नाही. तेच पाणी दोन्ही बाजूंना, साठीचा माणूस, रात्री दोन उशा लागतात, पायावर बोट दाबले की खड्डा पडतो, हृदय ०.६ च्या घरात: इथे सुई घालण्याची घाई नको. ताप नसेल, छातीत टोचत नसेल आणि दोन्हीकडचे पाणी साधारण सारखे असेल, तर आधी लघवीचे औषध द्यावे आणि दोन-तीन दिवसांत पाणी हटले नाही तर काढून तपासावे.

पूर्व विदर्भात आणि मेळघाटात या चौकटीत न बसणारा एक रुग्ण वारंवार येतो, तो म्हणजे सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा. वर्षानुवर्षे हिमोग्लोबिन कमी राहिल्याने हृदय जास्त रक्त ढकलते आणि मोठे होते, म्हणून सोळा वर्षांच्या मुलाच्या फोटोत ०.५५ गुणोत्तर दिसले तरी ते एकट्याने हार्ट फेल्युअर ठरत नाही. त्याच फोटोत मणक्यांकडे पाहावे; मणक्यांच्या वरच्या आणि खालच्या कडा मध्यभागी चौकोनी खचलेल्या दिसल्या तर सिकलसेलची चाचणी झाली आहे का ते विचारावे. अशा मुलाला ताप, छातीत दुखणे किंवा दम आणि फुप्फुसात नवी पांढरी सावली, जोडीला थोडे पाणी, असे चित्र आले तर ते ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम, म्हणजे सिकलसेलमुळे फुप्फुसावर आलेले जिवावरचे संकट, समजावे आणि ऑक्सिजन सुरू करून, रक्त देण्याची सोय असलेल्या ठिकाणी त्याच दिवशी पाठवावे. हा न्यूमोनिया आहे की आणखी काही, याचा काथ्याकूट तिथे करता येईल.

फवारणीच्या दिवसांत दुसरा गोंधळ होतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेतकरी-मजुरांना झालेल्या विषबाधेनंतर हा विषय सर्वांना ठाऊक झाला. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेत फुप्फुसे स्रावाने भरतात आणि फोटोत दोन्हीकडे ढग दिसतात, पण हृदय नेहमीएवढे, कोपरे टोकदार आणि कर्ली रेषा गायब असतात. बारीक बाहुल्या, लाळ आणि कपड्यांना येणारा औषधाचा वास यांनी निदान होते, आणि इलाज ॲट्रोपिनचा आहे. विंचू चावल्यावर येणारा फुप्फुसातील पूर मात्र खरोखर हृदयाचा असतो, जरी हृदयाचा आकार वाढलेला नसला तरी. त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामामुळे सर्वत्र पोहोचला. पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूत उजवीकडे, तर स्क्रब टायफसमध्ये (बारीक किड्यांच्या चाव्यातून होणाऱ्या तापात) दोन्हीकडे थोडे पाणी येऊ शकते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पाच महिन्यांत दम लागलेल्या बाईचे हृदय मोठे असेल, तर ‘रक्त कमी आहे’ एवढ्यावर थांबू नये. तीव्र रक्तक्षय आणि बाळंतपणातला हृदयाच्या स्नायूंचा आजार, दोन्ही शोधावेत.

फोटोनंतर

पाणी काढायचे ठरले तर शक्यतो सोनोग्राफीने जागा पाहून, खालच्या फासळीच्या वरच्या कडेला लागून सुई घालावी, कारण प्रत्येक फासळीच्या खालच्या कडेने रक्तवाहिनी आणि नस जाते. एका वेळी दीड लिटरपेक्षा जास्त काढू नये, आणि खोकल्याची उबळ किंवा छातीत आवळल्यासारखे झाले तर त्याआधीच थांबावे.

तज्ज्ञाकडे व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना चारही कोपरे चौकटीत घ्यावेत. खालचे कोपरे कापून पाठवलेल्या फोटोवर पाण्याविषयी मत मागणे निरर्थक आहे, आणि असे फोटो रोज येतात. फ्लॅश बंद ठेवावा, फिल्मवर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडू देऊ नये, बाजूची खूण दिसावी, आणि सोबत वय, दम किती दिवसांपासून, ताप, पायाची सूज, ऑक्सिजनचा आकडा आणि फोटो उभा की निजून, एवढे लिहावे. टीबी शिबिरातील मशीनवर संगणकाने ‘संशयित’ असा शेरा मारला असेल तरी कोपरे आणि हृदय आपण स्वतः पाहावे; तो शेरा क्षयासाठी आहे, हृदयासाठी नाही.

औषध सुरू केल्यावर दुसऱ्याच दिवशी फोटो काढून निराश होऊ नये. हार्ट फेल्युअरचा रुग्ण आडवा झोपू लागला, लघवी भरपूर झाली, वजन उतरले, तरी फोटोतील ढग आणि रेषा एक-दोन दिवस मागे रेंगाळतात. टीबीचे पाणी तर महिनोन्‌महिने घेते आणि कोपरा कायमचा बोथट राहू शकतो. त्यासाठी औषधाचा कोर्स लांबवण्याचे कारण नाही. पुन्हा फोटो काढताना पहिल्यासारखाच, म्हणजे उभा असेल तर उभा, काढावा आणि रुग्णाला दोन्ही फिल्म जपून ठेवायला सांगावे, कारण पुढच्या वर्षी दम लागून तो दुसऱ्याच दवाखान्यात गेला तर तिथल्या डॉक्टरांना तुलनेसाठी एवढाच पुरावा मिळणार असतो.